रविवारच्या बैठकीविषयी स्मरण

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी 6 वाजता धरमपेठेतील नेहमीच्या जागी अमेरिकी दिग्दर्शक एरॉल मॉरिस यांच्या 'द थिन ब्लू लाइन' या गुन्हेविषयक माहितीपटावर चर्चा होईल. चित्रपटांसाठी पैसा उभा राहत नव्हता त्या काळात खासगी गुप्तहेर म्हणून काम केलेल्या मॉरिस यांचा हा माहितीपट 1988 मध्ये आला, आणि त्यात ज्याच्या खटल्याची कहाणी आहे तो, अमेरिकेतील डॅलस शहरातील पोलिसाच्या खुनासाठी प्रथम मृत्युदंड व पुढे जन्मठेप झालेला माणूस 1989 मध्ये तुरुंगातून सुटला. घटनेची पुनर्रचना त्यांनी थरारासाठी नव्हे, तर साक्षींमधील विसंगती दाखविण्यासाठी केली; चर्चेचा भर त्यावरच असावा. माहितीपट आधी पाहून यावे. नागपुरी उन्हाची सबब सायंकाळी ग्राह्य धरली जाणार नाही.