सूप टाकून देते, रागावू नकोस

टोकियो, रविवार रात्र

प्रिय आई,

परवा फोनवर तू सारखी विचारत होतीस की बीपी निघालंय म्हणतेस आणि निम्मा महिना बाहेर खातेस, मग करतेस तरी काय, पण मी प्लॅटफॉर्मवर होते आणि गाडी लागलेली, म्हणून आता निवांत लिहितेय. आधी सांगते, घाबरू नकोस. इथे कंपनीला दर वर्षी सगळ्यांची तपासणी करावीच लागते, कायदाच आहे तसा, त्यात थोडं वर दिसलं. गोळी दिलेली नाही, डॉक्टर म्हणाले आधी मीठ कमी करून बघू.

आता जपानमध्ये राहून मीठ कमी करा म्हणणं म्हणजे कोल्हापुरात राहून तिखट सोडा म्हणण्यासारखं आहे. तुला वाटतं हे लोक उकडलेलं, बिनमसाल्याचं खातात म्हणजे तब्येतीला चांगलं, पण सोया सॉस, मिसो (सोयाबीन आंबवून केलेली खारट पेस्ट), लोणची, खारवलेले मासे, सगळं मिठावरच उभं आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. इथल्या सरकारने बायकांसाठी 6.5 आणि पुरुषांसाठी 7.5 ग्रॅमच्या आत ठेवा असं सांगितलंय आणि लोक खातात सरासरी 10 च्या आसपास. रामेनचा, म्हणजे सूपातल्या नूडल्सचा, एक मोठा वाडगा सूपासकट संपवला की 5-6 ग्रॅम तिथेच झाले, दिवसाचा कोटा खल्लास.

पण त्यातलं निम्म्याहून जास्त मीठ सूपात असतं. कप नूडल्सच्या पाकिटावर तर चक्क वेगळं छापतात, नूडल्समध्ये इतकं, सूपात इतकं. म्हणून मी नूडल्स, भाज्या, अंडं सगळं खाते आणि सूप तसंच ठेवते. मला माहितीये तू काय म्हणणार, ताटात टाकायचं नाही, अन्नाचा अपमान वगैरे. मलाही सुरुवातीला वाडगा परत देताना कसंतरीच व्हायचं, पण इथे कुणी ढुंकूनही बघत नाही, बरेच जण ठेवतात.

ओसाकाकडे गेले की वेगळीच भानगड. तिथल्या उदोनचा, म्हणजे जाड शेवयांचा, रस्सा एकदम फिकट, पाण्यासारखा, बघून वाटतं यात काय असणार. पण त्यात जो फिक्या रंगाचा सोया सॉस घालतात त्यात काळ्यापेक्षा मीठ जास्त असतं! रंगावर जायचंच नाही. नागोयात उलट, लाल मिसोचा दाट रस्सा, निदान दिसतो तरी खारट. त्यामुळे दुपारी मी शक्यतो थंड सोबा, म्हणजे बारीक शेवया, घेते, त्याचं बुडवायचं पाणी वेगळ्या वाटीत येतं, शेवयांचं फक्त टोक बुडवायचं, जुने टोकियोवाले तसंच खातात म्हणे. साशिमीचंही, म्हणजे कच्च्या माशाच्या कापांचंही तेच, माशात मीठ जवळजवळ नसतं, जे काय ते सोया सॉसमध्ये, मग वरून ओतण्यापेक्षा कडेला टेकवायचं. चव लागत नाही असं वाटलं तर टेबलावर सात मसाल्यांची पूड असते, मिरची, तीळ, संत्र्याची साल असलं काय काय, ती मी भरपूर घालते, आपल्या जिभेला तेवढंच बरं.

ट्रेनमधला डबा मात्र फसवा. दिसतो किती गोड, छोटे छोटे कप्पे, पण त्यात खारा सामन मासा, उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) आणि लोणचं. उमेबोशी आणि लोणचं मी बाजूला काढते. कंपनीतल्या लोकांबरोबर रात्री बसायची वेळ आली तर टोफू, कोशिंबीर मागवते आणि सॉस वेगळा द्या म्हणते, जराही वाईट वाटून घेत नाहीत.

नागानोला जाते ना अधूनमधून, तिथलं ऐक. डोंगरातला थंड भाग, हिवाळाभर पालेभाजीचं खारं लोणचं खाणार, त्यामुळे अर्धांगाने माणसं जायची. मग मीठ कमी करायची मोहीम निघाली, गावातल्याच बायका घरोघरी फिरून मिसो सूपातलं मीठ मोजायच्या, आणि 2010 च्या आकडेवारीत तिथल्या बायका आणि पुरुष दोघंही आयुर्मानात देशात पहिले. नुसत्या मिठामुळे असं नाही म्हणत मी, भाज्याही भरपूर खातात ते. पण सुरुवात स्वयंपाकघरातून झाली हे मला फार आवडलं.

आता बाबांच्या बीपीचं. मिसळ बंद करा म्हटलं तर ते चोरून खाणार, त्यापेक्षा तर्री वेगळी मागायची आणि फरसाण निम्मं. सैंधव चालतं असं काकू म्हणते ते ऐकू नकोस, तेही मीठच आहे, सोडियम जवळपास तेवढंच. आणि ते लो सोडियमवालं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात आणू नकोस, त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते महागात पडतं. पाकिटावर मागे सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, 400 मिलिग्रॅम म्हणजे 1 ग्रॅम मीठ, असा हिशेब धर. चष्मा लावून बघायला सांग बाबांना, तेवढाच उद्योग.

या वेळच्या पार्सलमध्ये पापड आणि लोणचं नको, गोडा मसाला आणि लसणाची चटणी पाठव, चटणीत मीठ घालू नकोस, मी इथे बघून घालीन. बाबांचं बीपी सकाळी मोजलंत की मला व्हॉट्सअ‍ॅप करा. शनिवारी रात्री फोन करते, तुमच्याकडे संध्याकाळ असेल.

तुझी,
मनू