कुतच्या डायऱ्या मराठीत आणा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत या गावी वेढ्यात अडकलेल्या आपल्या शिपायांविषयी इंग्रज अधिकाऱ्यांनी डायऱ्या लिहिल्या, त्यांच्याबद्दल हे पत्र आहे. आमच्या घरी चांदीचं एक पदक आहे. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष, घोड्याच्या टापांखाली ढाल आणि माणसाची कवटी. माझी आजी त्याला ‘बसऱ्याचा रुपाया’ म्हणायची. दसऱ्याला कोयत्या-कुऱ्हाडींबरोबर पाटावर मांडून त्याला हळदकुंकू वाहायची. वर्षानुवर्षांच्या त्या हळदीने पदकाची कड भरून गेली होती. तिच्यावर काही लिहिलेलं आहे हे कळायला आमच्या तीन पिढ्या गेल्या. चार वर्षांपूर्वी चिंचेच्या कोळाने घासून भिंग लावलं, तेव्हा अक्षरं दिसली. एक नंबर, ‘सिपॉय’, इंग्रजी कानाने ऐकलेलं माझ्या पणजोबांचं नाव आणि शेवटी ‘११७ मराठाज’.

पणजोबा बसऱ्याहून परत आले नाहीत, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तो आकडा वाचल्यावर पुढचा रस्ता सापडला.

११७वी मराठा ही पलटण सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होती. १०३वी आणि ११० वी मराठा याही त्याच डिव्हिजनमध्ये, शिवाय खडकीचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे पूल-रस्ते बांधणारे सैनिक. ही फौज नोव्हेंबर १९१४ मध्ये इराकच्या आखाती तोंडाशी उतरली, तिने बसरा घेतलं, एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई जिंकली आणि जनरल टाउनशेंडच्या हुकमाखाली तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तिचं कंबरडं मोडलं. माघार घेत ती कुत-एल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावात शिरली आणि तुर्कांनी वेढा घातला. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, असे जवळपास पाच महिने. शेवटी १३ हजारांवर माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांतले १० हजारांहून जास्त हिंदी होते: शिपाई, सुभेदार आणि त्यांच्यामागे चालणारे भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी.

महोदय, या मोहिमेतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी खाजगी डायऱ्या लिहिल्या, घरी पत्रं लिहिली, नकाशे काढले. काहींनी कैदेतही वह्या लपवून सांभाळल्या. शरण जाण्याआधी कुतमध्ये तोफा फोडल्या गेल्या, कागद जाळले गेले. त्यामुळे सरकारी दप्तरापेक्षा या खाजगी वह्यांना जास्त मोल आलं. आज त्यांतल्या कितीतरी लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियम आणि नॅशनल आर्मी म्युझियममध्ये जपून ठेवलेल्या आहेत. माझं मागणं या कागदांविषयी आहे. ते तिथेच असोत, मूळ प्रती परत मागा असं मी म्हणत नाही. त्यांच्या चांगल्या डिजिटल प्रती काढून पुण्याच्या पुराभिलेखागारात आणाव्यात, मराठी माणसाला मराठीत शोधता येतील अशा कराव्यात आणि सर्वांना फुकट खुल्या कराव्यात.

छापून निघालेल्या काही डायऱ्या आणि आठवणी मी डिक्शनरी हाताशी घेऊन वाचल्या. गावाकडच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, पण फळ्यावर ‘मेसोपोटेमिया’ हा शब्द लिहिण्यापलीकडे मी कधी गेलो नव्हतो. या वह्यांत पहिल्यांदा मला ती माणसं चालता-बोलताना दिसली.

जात्याची गोष्ट सांगतो. वेढ्यात अडकलेल्या कुतमध्ये जव होते, पण दळायला साधन नव्हतं. तेव्हा बाहेरून इंग्रज विमानांनी जात्याच्या तळ्या आणून टाकल्या. पुढे एप्रिलमध्ये पिठाच्या गोण्याही विमानांतून टाकल्या, त्यांतल्या काही थेट तैग्रिसमध्ये पडल्या. माणशी रोजचा शिधा शेवटी चार औंस पिठावर आला. चार औंस म्हणजे एका भाकरीचं पीठ. दिवसभर खंदकात उभ्या असलेल्या माणसाला एक भाकरी. माझ्या आजीच्या घरातलं जातं अजून ओसरीत आहे. आकाशातून पडलेलं जातं तिच्या सासऱ्याने पाहिलं असेल, हे तिला कधीच कळलं नाही.

दुसरी गोष्ट घोड्याच्या मांसाची. जानेवारीपासून घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोरे शिपाई खाऊ लागले, हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नकार दिला. त्यांच्यात स्कर्व्ही, म्हणजे सकस अन्नाअभावी हिरड्यांतून रक्त येण्याचा रोग पसरला, जखमा भरेनात. नदीकाठचा पाला खुडून ते भाजी करत, त्यातला काही विषारी निघाला आणि माणसं दगावली. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी यंत्राने परवानगी मागवली गेली, तरी बरेच जण बधले नाहीत. एप्रिलच्या मध्यापर्यंत मात्र हजारो जण खाऊ लागले. अधिकारी याबद्दल वैतागून लिहितात, टाउनशेंडनेही वेढ्याच्या अपयशाचा बराच भार हिंदी फौजेवर टाकला. पण त्याच इंग्रजी पानांवर शिपायांचं म्हणणंही उतरलेलं आहे. आम्ही खाल्लं हे गावात कळेल, मग आमच्या लेकींना कोण पत्करणार? हे वाक्य वाचताना मला कुठल्याही टिपेची गरज पडली नाही. वाळीत पडण्याची भीती काय असते ते मी माझ्या गावात पाहिलं आहे. उपाशी मरणाऱ्या माणसाला हजारो किलोमीटरवरचा पार दिसत होता. त्याला हट्टी म्हणणारा साहेब प्रामाणिक असेल, पण तो पार त्याने पाहिलेला नव्हता. म्हणूनच या वह्या आपल्या माणसांनी वाचायला हव्यात. अधिकाऱ्याने जे ऐकून नुसतं टिपून ठेवलं, त्याचा अर्थ सांगायला आपल्या खेड्यातला वाचक लागतो.

नावांचंही तसंच आहे. टाउनशेंडच्या कुत्र्याचं नाव स्पॉट होतं. तुर्कांच्या परवानगीने तो सुखरूप बसऱ्याला पाठवला गेला. हे मला माहीत आहे, कारण ते नोंदवलेलं आहे. घोड्यांची नावं सापडतात. शिपायाचं नाव कधी येतं, कधी ‘एक मराठा’ एवढ्यावर भागतं. आलं तरी इंग्रजी कानाने लिहिलेलं असतं, ‘जाधव’चं ‘जादो’ झालेलं असतं. लंडनच्या सूचीकाराला तो जाधव कसा ओळखू येणार? सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरची आडनावं जिभेवर असलेल्या माणसाला तो क्षणात ओळखू येईल. आणि अशी ओळख पटली, तर कुठल्या तरी घराला शंभर वर्षांनी आपला माणूस सापडेल.

या नावांची गरज किती आहे, ते बसऱ्याचं स्मारक सांगतं. इराकच्या मोहिमेत मरण पावलेल्या आणि कबर न सापडलेल्या ४० हजारांहून जास्त जणांचं ते स्मारक. गोऱ्या शिपायांची नावं तिथे कोरलेली आहेत. हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचं नाव आणि पुढे नुसता आकडा. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात ही असमानता कबूल केली आणि ब्रिटिश सरकारने पार्लमेंटमध्ये माफी मागितली. अशी माफी कागदावर असताना तिचा आधार घेऊन आपण काही मागावं, यासारखी योग्य वेळ दुसरी नाही.

या वह्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. शरणागतीनंतर अधिकाऱ्यांना बोटीतून बगदादला नेलं आणि पुढे अनातोलियातल्या गावांत ठेवलं. शिपायांना उन्हात वाळवंट तुडवत चालवलं, रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो मेले. म्हणजे शिपायाचं खरं मरण जिथे सुरू होतं, नेमकी तिथे साहेबाची डायरी त्याला सोडून जाते. ती पोकळी शिशिर सर्बाधिकारी या बंगाली तरुणाने थोडी भरून काढली. तो अँब्युलन्स पथकात होता आणि कुतहून कैदेत गेला. त्याने डायरीची पानं फाडून बुटांत लपवली आणि पुढे त्यावरून बंगालीत पुस्तक काढलं. मराठी शिपायाच्या बुटातली पानं अजून माझ्या हाती लागलेली नाहीत. ती असली तर आपल्याच माळ्यावरच्या ट्रंकांत असतील.

म्हणून लंडनच्या कागदांबरोबर इकडचं कामही व्हावं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी तालुक्याच्या ठिकाणी बसून लोकांकडची पदकं, पेन्शनचे कागद, जुनी पत्रं पाहावीत, फोटो काढून लगेच परत द्यावीत. पदकाच्या कडेवरचा नंबर आणि पलटण एवढं टिपलं तरी पुरे. कितीतरी घरांनी ही पदकं अडचणीच्या वर्षी सोनाराकडे दिली आणि ती आटवली गेली. त्यांना दोष कसा द्यावा? ती चांदी होती आणि घरात धान्य नव्हतं. जी उरली आहेत ती आता तरी नोंदवून घ्यावीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. अशा एका गावापासून सुरुवात केली तरी चालेल.

हे होण्यासारखं आहे का, असं आपले सचिव विचारतील. कतारने करून दाखवलं आहे. कतार फाउंडेशनने ब्रिटिश लायब्ररीशी करार केला, इंडिया ऑफिसच्या दप्तरातली आखाताविषयीची लाखो पानं स्कॅन झाली आणि २०१४ पासून ती इंग्रजी व अरबीत शोधता येतात. ती दप्तरं मुंबई सरकारशी जोडलेली होती, कारण आखाताचा कारभार बराच काळ मुंबईहून चालत असे. कतार ते करू शकतो, तर महाराष्ट्राला अवघड का वाटावं? आपल्या सरकारने लंडनहून वाघनखं तीन वर्षांसाठी आणली, साताऱ्यात ती पाहायला मीही रांगेत उभा होतो. २०२५ मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार लिलावातून सोडवली. त्या दोन्ही वेळी मला अभिमान वाटला. तीच तत्परता शिपायांच्या कागदांसाठी हवी आहे आणि तिला तलवारीइतका पैसाही लागणार नाही. मात्र घाई करावी. जुन्या अधिकाऱ्यांची घरं मोडतात, वह्या आणि फोटोंचे अल्बम लिलावात जातात आणि एकदा पानं सुटी करून विकली गेली की ती पुन्हा एकत्र येत नाहीत.

मंजुरी कागदोपत्री राहू नये म्हणून एक सुचवतो. पुराभिलेख संचालनालयात या कामाला इंग्रजी हस्ताक्षर वाचू शकणारी आणि पश्चिम महाराष्ट्र-कोकणातली नावं जाणणारी चार-पाच माणसं दोन वर्षांसाठी नेमावीत. त्यात निवृत्त सुभेदार असावेत, शिक्षक असावेत. मी स्वतः विनामोबदला यायला तयार आहे. डोळे अजून चांगले आहेत.

पणजोबांचा नंबर, पलटण आणि पदकाच्या कडेचा फोटो मी आपल्या कार्यालयाला पाठवलेल्या अर्जासोबत जोडला आहे. यादी सुरू होईल तेव्हा तो नंबर तिच्यात घालावा, ही विनंती.

कळावे,

आपला,
एक निवृत्त शिक्षक
सातारा जिल्हा