खाली लागलेल्या खिचडीचे आभार

नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर वस्तीत मुलांसाठी शनिवारचा अभ्यासवर्ग सुरू केला, तेव्हा मुलं दाराशीच घुटमळायची. नाव विचारलं की पसार! मग एपीएमसी मार्केटमधले एक भाजीवाले दादा टोमॅटो-बटाट्यांची पिशवी ठेवून गेले, नावही न सांगता. शेजारच्या मावशींनी कुकर दिला, वर दटावलंही, "नुसतं वाढत उभी राहू नकोस, त्यांच्या पंगतीत बस." बसले. तिसऱ्या शनिवारी एका पोराने माझ्या ताटातला पापड उचलला, अर्धा मोडून परत ठेवला आणि घरचं सगळं सांगत सुटला. (खिचडी खाली लागली होती, तरी!)

दादा, मावशी आणि भांडी घासून गुपचूप निघून जाणाऱ्या त्या दोघी कॉलेजच्या मुली, मनापासून आभार. मावशी, कुकरची शिट्टी हरवलीय. नवी आणून देते.