स्टेशन पाच मिनिटांवर, पण ओसी कुठे आहे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या स्टेशनलगतच्या ‘अजून स्वस्त’ वस्त्यांमध्ये आताच घर घेऊन ठेवा, असा सल्ला देणारा लेख आपल्या मालमत्ता पुरवणीत वाचला. त्यात दिव्याचे नाव पहिले होते. मी दिवा पूर्वेलाच राहतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

लेखकाचा हिशेब असा: स्टेशन जवळ, दर कमी, म्हणजे पुढे भाव चढणारच. पण स्टेशन हाकेच्या अंतरावर असूनही इथला दर इतकी वर्षे खाली का राहिला, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही. स्टेशन जवळ असल्याचे पैसे बिल्डर पहिल्याच दिवशी वसूल करतो. सूट मिळते ती कागद नसल्याची. इथल्या कितीतरी इमारतींना महापालिकेची बांधकाम परवानगीच नाही, मग भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, ओसी, येणार कुठून? बँका कर्ज द्यायला कचरतात, म्हणून व्यवहार रोखीत. चाळीतल्या खोल्या तर सर्रास नोटरीवर विकल्या जातात. शंका काढलीच तर एजंट घरपट्टीची पावती आणि लाइट बिल पुढे करतो. घरपट्टी पालिका अनधिकृत बांधकामालाही लावते, वर शास्तीही आकारते. ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही.

‘रेरा नंबर आहे ना, मग झाले’ असे म्हणणाऱ्यांनी डोंबिवलीकडे पाहावे. तिथल्या ६५ इमारतींनी कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून महारेराचे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचे, नोंदणी क्रमांक मिळवले. त्या क्रमांकांच्या भरवशावर लोकांनी घरे घेतली, अनेकांना गृहकर्जेही मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. राहत्या लोकांना बेघर होऊ देणार नाही, असे आश्वासन नंतर सरकारने दिले खरे, पण अशा इमारतीतला फ्लॅट ‘गुंतवणूक’ म्हणून घेतलेल्याने तो आता कोणाला विकायचा? नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत तर आश्वासनापुरताही वेळ मिळाला नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या.

नवे स्टेशन आले की सारे सुधारते, हा दुसरा लाडका युक्तिवाद. नवी मुंबईतल्या दिघ्याचे उदाहरण घ्या. एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनींवरील अनधिकृत इमारतींवर तिथे २०१५ मध्ये हातोडा पडला. दिघा गाव स्टेशन सुरू झाले १२ जानेवारी २०२४ रोजी. स्टेशन आले म्हणून पाडलेले घर कोणाला परत मिळालेले नाही. ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये मनोरुग्णालयाच्या जागेवर होऊ घातलेल्या स्टेशनचे नाव घेऊन तर किसननगर, वागळे इस्टेटमध्ये किती वर्षे भाव सांगितले जात आहेत! गाडीचा पत्ता नाही.

आणि स्टेशन जवळ असणे वेगळे, गाडीत शिरता येणे वेगळे. सकाळी दिव्यातून मुंबईकडची लोकल पकडायची म्हणजे काय, हे पुरवणीच्या लेखकांनी एकदा येऊन पाहावे. कितीतरी जण आधी उलटे डोंबिवली-कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडून मृत्युमुखी पडले, तेव्हा चार दिवस सगळ्यांना ही गर्दी आठवली. दिव्यातूनच लोकल सोडा, ही मागणी जुनीच आहे. भाडेकरू घर बघताना हे सगळे पाहतो. शिवाय पाणी किती वेळ येते, तेही विचारतो. त्याची भाडे देण्याची ऐपतही त्या लोकलवरच उभी असते.

स्टेशनजवळ कोणी पैसे घालूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. डोंबिवली पूर्वेला किंवा नौपाड्यात जुन्या अधिकृत सोसायट्या आहेत. तिथे ओसी पाहा, जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे मालकीचे हस्तांतरण, सोसायटीच्या नावे झाले आहे का पाहा, पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती खरोखर आहे की नुसती बैठकच झाली आहे, तेही विचारा. मात्र ही घरे स्वस्त नाहीत, म्हणूनच बहुधा लेखात आली नसावीत. दिव्यात फसतो तो दोन-तीन फ्लॅट घेऊन ठेवणारा नव्हे, त्याला धक्का पचतो. फसतो तो गावची जमीन विकून किंवा बायकोचे दागिने मोडून एकुलते एक घर घेणारा, आणि त्याला आपल्या पुरवणीतला लेख कापून एजंटच दाखवतो.

महापालिकांनी अनधिकृत इमारतींच्या याद्या संकेतस्थळाच्या कोपऱ्यात ठेवण्याऐवजी इमारतीच्या दारावर आणि तिकीट खिडकीशेजारी फलकावर लावाव्यात. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवतानाच परवानगीची पालिकेकडून खात्री व्हावी. आज दस्त नोंदला जातो आणि लोक त्यालाच मालकी हक्काचा पुरावा समजतात. आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. घरांच्या ज्या जाहिराती आपण छापता, त्यात तयार घराचा ओसी क्रमांक आणि बांधकाम चालू असेल तर पालिकेच्या परवानगीचा क्रमांक व तारीख असल्याशिवाय जाहिरात स्वीकारू नये. पान थोडे रिकामे राहील, याची कल्पना आहे.

आपला,
एक वाचक, दिवा (पूर्व)