सहा मिनिटांचा पाठ

ऐरोली, नवी मुंबई
२ ऑगस्ट

प्रिय नंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. ‘दीक्षा’वरचा, म्हणजे शिक्षकांसाठीच्या त्या सरकारी ऑनलाइन मंचावरचा, कोर्स लावून ठेवतेस आणि तोवर पोळ्या लाटतेस, हे वाचून वाईट वाटलं, पण तुला दोष देववेना. इतकी वर्षं पहिलीला अक्षरओळख करून देणारी तू आणि कालपरवा रुजू झालेली मुलगी, दोघींना व्हिडिओ एकच, प्रश्नावलीही एकच. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. तास भरतील गं, पण त्यातला एक तरी तास तुझ्या वर्गातल्या अडचणीसाठी असतो का?

यंदा आमच्या अध्यापक कॉलेजात, उद्या शिक्षक होणाऱ्या मुलामुलींबरोबर, जे करून बघतेय ते तुलाच सांगावंसं वाटलं. आपलं सूक्ष्म अध्यापन आठवतं ना, सोबतच्यांनाच विद्यार्थी मानून घ्यायचा तो छोटा सराव पाठ? ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण म्हणजे पाठ कसा झाला ते ऐकणं, १२ मिनिटांत नवं टाचण, मग पुन्हा ६ आणि ६. झालं ३६ मिनिटांचं चक्र. आणि निरीक्षण वहीत शेरा काय, तर ‘फलकलेखन सुधारा’. माझ्या वहीत तेच, तुझ्याही वहीत तेच. तुझं अक्षर तर फळ्यावर मोत्यासारखं उमटायचं!

आता मी पाठ चालू असताना मोबाइल स्टँडवर लावते आणि ज्याचा पाठ त्यालाच व्हिडिओ पाठवते. शेरा मी नंतर देते, आधी त्यानं स्वतःला बघायचं. कळव्याहून येणाऱ्या एका मुलीचा पाठ होता बाष्पीभवनावर. “पावसाळ्यात कपडे लवकर का वाळत नाहीत?” असं विचारलं आणि लगेच उत्तरही तिनंच दिलं. वर्गातल्या मैत्रिणी म्हणाल्या, छान झाला. दुसऱ्या दिवशी ती माझ्यापाशी आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. “मॅडम, नऊ प्रश्न विचारले, त्यातल्या सात प्रश्नांची उत्तरं मीच दिली.”

मग तिला मेरी बड रो यांचं काम सांगितलं. या अमेरिकन बाईंनी वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तेच ३ सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. पुढच्या पाठात ती थांबली. व्हिडिओत स्पष्ट दिसतं, तिचा अंगठा खडूवर फिरतोय, ओठ घट्ट मिटलेत, आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, “हवेतच आधी पाणी भरलंय ना!” नंदा, तो तुकडा मी चार वेळा पाहिला.

तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. तो थांबतो छान, पण टाचणातून मान वर काढत नाही. त्याला थांबण्यावरचं व्याख्यान ऐकवून काय उपयोग? त्याच्यासाठी वेगळा व्हॉइस मेसेज, वेगळा सराव.

एक चूकही सांगते, माझ्या मनाला ती फार लागली आहे. वर्षाच्या सुरुवातीला मोबाइलवर चाचणी घेतली आणि गुणांवरून गट पाडले. एका मुलीची निम्मी उत्तरं कोरी होती, म्हणून तिला मी कच्च्या गटात टाकलं. पंधरा दिवसांनी कळलं, घरात फोन एकच, तो भाऊ रात्रपाळीला घेऊन जातो. तिची वेळ संपली होती, अभ्यास कच्चा नव्हता. पडद्यावरचा आकडा मी खरा धरला आणि तिला एका शब्दानंही विचारलं नाही. आता गट पाडण्याआधी प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलते.

वेळ लागतो, हे खरंच. बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८४ मध्ये लिहिलं होतं की एकट्याला शिकवणी मिळालेला सर्वसाधारण विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. एवढा फरक पुढच्या अभ्यासांत क्वचितच दिसला, पण प्रत्येकाला असा एकेक शिक्षक आणायचा कुठून, हा त्यांचा प्रश्न मला रोज पडतो. माझ्यापुढे पन्नास जण आहेत. मोबाइल पाठ टिपून ठेवतो म्हणून मला ते घरी, रात्री जेवणानंतर बघता येतात, एवढी सोय झाली. बघायचं मात्र मलाच. आणि हे मी सोडणार नाही, कारण ज्या मुलीकडे तिच्या शिक्षिकेनं कधी वेगळं पाहिलंच नाही, ती उद्या रबाळ्याच्या शाळेत साठ मुलांकडे वेगवेगळं कसं पाहील?

तू एक कर. उद्या मोबाइल खिडकीत ठेव आणि ६ मिनिटं नुसता आवाज रेकॉर्ड कर. मुलांचे चेहरे नकोत. आधी तू ऐक, किती थांबतेस ते मोज, मग मला पाठव. रविवारी मी घरीच आहे, ऐकून लगेच फोन करते.

तुझी,
शोभा