तेझेला येतेस तर बॅग अशी भर

श्टुटगार्ट,
2 फेब्रुवारी

प्रिय छोटी,

सप्रेम सलाम. मम्मी-पप्पांनाही सलाम सांग. हे पत्र मम्मीला मोठ्याने वाचून दाखव, कारण बॅग शेवटी तीच भरणार.

आपल्या तरुण संघाच्या शिबिराची कल्पना आधी डोक्यातून काढ. तेझे हे फ्रान्समधले छोटे गाव, तिथे ब्रदरांचा म्हणजे ख्रिस्ती संन्याशांचा मठ आहे आणि तरुण मंडळी आठवडाभर प्रार्थनेला येतात. तिथे वक्ते नाहीत, स्पर्धा नाहीत, पाहुण्यांचा सत्कार नाही. सकाळी सव्वाआठ, दुपारी बारा-वीस आणि रात्री साडेआठ अशा तीन प्रार्थना, मधल्या वेळात एका ब्रदरबरोबर बायबल अभ्यास, छोट्या गटात चर्चा आणि वाटून दिलेले काम. रविवारी पोचायचे, पुढच्या रविवारी निघायचे.

व्हिसा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. कायद्याने किमान 15 दिवस आधी चालतो, पण मे महिन्यासाठी मार्चमध्येच दे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा, त्यात पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस दोन्ही धरलेले असावेत. एक दिवस कमी पडला की अर्ज अडतो. तेझेकडून नोंदणी पक्की झाल्याचे कळेपर्यंत पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नकोस.

आता थंडी. नगरला चाळीस अंश असतात तेव्हा बर्गंडीतल्या त्या टेकडीवर पहाटे आठ-दहाच असतात, पाऊस झाला तर त्याहून कमी. ‘मे म्हणजे उन्हाळा’ असे धरून येणारी माणसे दुसऱ्या रात्रीपासून झोपत नाहीत, आणि न झोपलेला माणूस प्रार्थनेत पेंगतो. म्हणून खर्च करायचाच तर स्लीपिंग बॅगवर कर. तिच्या लेबलवर दोन-तीन तापमाने छापलेली असतात. त्यातले ‘कम्फर्ट’ बघ, ते पाच अंश किंवा खाली हवे. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा उणे पाच-दहा दिसतो, पण तो माणूस कसाबसा तग धरेल एवढेच सांगतो, झोप लागेल असे नाही. दुकानदार तुला तोच दाखवील. बराकीत जागा मिळाली तर खाटेवर गादी असते, वरून एक चादर आणि उशीचा अभ्रा पुरे. तंबू मिळाला तर खाली अंथरायला फोमची मॅट लागेल, कारण थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त चढते. कुठे ठेवणार ते पोचल्यावर कळते, तेव्हा मॅट घेच.

कपडे एकावर एक चढवता येतील असे घे: आतले पूर्ण बाह्यांचे दोन, सलवार-कुडत्याचे तीन जोड, एक स्वेटर, आणि वरून पाऊस अडवणारे टोपीचे जाकीट. छत्री नको, रांगेत ती शेजाऱ्याच्या डोळ्यात जाते. जेवणाची रांग उघड्यावरच असते. लोकरी मोजे तीन जोड, पाण्याने न भिजणारे बूट, न्हाणीघरासाठी स्लिपर. जाड टॉवेलऐवजी पप्पांचा पंचा घे. ओल्या हवेत टॉवेल दोन दिवस वाळत नाही, पंचा तासात वाळतो. दोरीचा तुकडा, सहा चिमटे, टॉर्च, कानात घालायचे बोळे, छोटे कुलूप. सगळे मिळून दहा-बारा किलोच्या वर जाऊ देऊ नकोस. विमान 23 किलो नेऊ देते म्हणून ते भरायचेच असे नाही, टेकडीवर बॅग तूच ओढणार आहेस.

आपला तीन जाड पिनांचा प्लग इथे बसत नाही, बारीक दोन पिनांचा बसतो. चार्जिंगला जागा शोधावी लागते म्हणून पॉवर बँक आण, पण ती हातातल्या बॅगेत ठेव, खाली सोडायच्या सामानात चालत नाही.

मम्मी, खाण्याचे. पेढे, तूप, खवा नको: युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. हापूस आणि कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय नाही. शेंगदाण्याची कोरडी चटणी पाव किलो दे, तेवढी आठ दिवस पुरते. तिकडे न्याहारीला पाव, लोणी, चॉकलेटच्या दोन कांड्या आणि वाडग्यात चहा किंवा कोको. जेवण साधे, अळणीकडे झुकणारे, आणि खायला फक्त एक चमचा. शाकाहारी मिळते. पाणी नळाचे पिता येते, बाटली आण.

प्रवासात फसायची जागा नावांची आहे. ‘गार द लियों’ हे स्टेशन लियों शहरात नाही, पॅरिसमध्ये आहे. तिथून वेगवान गाडीने माकाँ-लोशेला उतर, सुमारे दीड तास. माकाँ गावात दुसरे स्टेशन आहे, ते वेगळे. पुढे शालों-क्लूनी-माकाँ मार्गाची बस तेझेला थांबते. रविवारी फेऱ्या कमी, म्हणून आधी बसची वेळ बघ आणि मग गाडीचे तिकीट काढ. बहुतेक जण उलटे करतात आणि स्टेशनवर तीन तास बसतात.

आता मनाची तयारी. 1962 साली बांधलेल्या तिथल्या मोठ्या मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, बहुतेकजण जमिनीवरच बसतात. युरोपियन मुलांचे गुडघे तिसऱ्या दिवशी बोलायला लागतात, तुला भजनात बसायची सवय आहे. गाणी एक-दोन ओळींची, तीच ओळ दहा-पंधरा वेळा. लॅटिन, फ्रेंच, जर्मन काहीही असो, धृपद घोळवल्यासारखी म्हणायची की चौथ्या फेरीला ओठावर बसते. अवघड जाते ती मधली शांतता, आठ-दहा मिनिटांची. त्या वेळात काय करायचे कोणी सांगत नाही. एप्रिलपासून रोज संध्याकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दहा मिनिटे बस. वचन एकच घे, स्तोत्र 23 मधली एक ओळ पुरे. मन भटकले की ओळीवर परत आण, भटकल्याबद्दल चिडू नकोस. मराठी पवित्र शास्त्र आणि कोरी वही आण, इंग्रजी बायबलवर अवलंबून राहू नकोस. गटात बोलायचे इंग्रजीत असले तरी वाचायचे आपल्या भाषेत.

पूर्ण आठवडा मौनात राहायची सोयही आहे, शेजारच्या गावातल्या सेंट अँड्र्यूच्या सिस्टर सोबत करतात. पहिल्याच खेपेला मात्र तू ते घेऊ नयेस असे मला वाटते: भांडी घासणे आणि संडास धुणे हाही त्या आठवड्याचा भाग आहे, आणि ओळखी तिथेच होतात. मनात काही साचले तर रात्रीच्या प्रार्थनेनंतर ब्रदर मंदिरात थांबतात, त्यांच्याशी बोल.

शुक्रवारी रात्री क्रूस जमिनीवर आडवा ठेवतात आणि एकेकजण लाकडाला कपाळ टेकवतो. रांग लांब असते, त्या रात्री स्वेटर घालूनच बस.

विम्याचा कागद आला की फोटो पाठव, तारखा मी तपासते.

तुझी,
ताई