पीडीएफमध्ये उचगाव सापडतं, किणये सापडत नाही

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

तुमच्या वाचकांच्या पत्रांत मागे एकांनी लिहिलं होतं, की साहित्य संमेलनाच्या स्मरणिकेची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली, त्यात आपल्या गावाचं नाव सर्च केलं तर काहीच येईना, आणि छापील अंकात तेच गाव ठळक अक्षरात आहे, मग हे डीटीपीवाले करतात तरी काय. मी डीटीपीवालाच, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाईप करून छपाईची पानं लावणारा. शहापुरात दुकान आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायटीचे अहवाल, स्मरणिका, मराठी कन्नड दोन्ही करतो, म्हटलं उत्तर आपणच द्यावं. त्यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे, पण "ऑपरेटर आळशी" म्हणून विषय संपवला तर पुढच्या वर्षीही हेच होणार.

मुळात दोन वेगळे घोळ आहेत आणि लोक ते एकच समजतात. पहिला कागदावर दिसणारा. म्हणजे वेलांटी भलत्याच अक्षरावर, जोडाक्षर फुटून हलन्त पायाशी लोंबतोय, नाहीतर अक्षराच्या जागी नुसते चौकोन. हा लगेच कळतो, प्रूफ बघणारा आरडाओरडा करतो, दुरुस्त होतो. इनडिझाइनमध्ये (पानं लावायचं सॉफ्टवेअर) युनिकोड मराठी, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला नंबर असलेलं मराठी, टाकल्यावर अक्षरं फुटली तर नव्वद टक्के वेळा पॅरेग्राफचा कंपोझर, म्हणजे अक्षरं ओळीत जुळवणारं सेटिंग, बदलायचा राहिलेला असतो, तिथं वर्ल्ड-रेडी कंपोझर घेतला की सरळ होतं, त्यासाठी सॉफ्टवेअर परत टाकत बसायची गरज नाही (आमच्याकडे कायपण झालं की आधी फॉरमॅट मारायचा असतो). चौकोन आले तर फाँट पीडीएफच्या आत गेलेला नाही. ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबा, फाँट्सच्या टॅबमध्ये नावापुढे एम्बेडेड, म्हणजे आत घातलेला, असं लिहिलंय का बघा, एवढंच.

दुसरा घोळ मात्र कागदावर दिसतच नाही. छपाई एकदम झकास आणि आतला मजकूर वेडावाकडा. त्या पत्रातली तक्रार ह्याची आहे.

पीडीएफ म्हणजे चित्र काढायचा हुकूमनामा असतो, ह्या जागी हा आकार काढ, त्याच्या शेजारी तो काढ. तो आकार म्हणजे कुठलं अक्षर हे वेगळ्या तक्त्यात लिहिलेलं असतं, सर्च आणि कॉपी त्या तक्त्यावर चालते. इंग्रजीला अडचण नाही, एकामागून एक अक्षर. आपल्याकडे ऱ्हस्व वेलांटी बोलताना अक्षरानंतर आणि काढताना अक्षराच्या आधी. रफार उलटा, बोलताना आधी आणि काढताना नंतर, तोही काना-मात्रा झाल्यावर. आता सॉफ्टवेअरनं पीडीएफ करताना आकार जसे काढले त्याच क्रमानं अक्षरं नोंदवली तर बघा काय होतं. उचगाव सापडतं, कडोली सापडतं, खानापूर सापडतं. पण किणये, हिंडलगा, निपाणी गायब, कारण आत वेलांटी आधी आणि अक्षर नंतर बसलंय. कर्ले गावाचं आत "कलेर्" झालेलं असतं. आणि "कर्नाटक" कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकलं की "कनार्टक" येतं. कन्नडमध्येसुद्धा सुटका नाही, त्यांचा अर्कावत्तू, म्हणजे त्यांचा रफार, पण असाच अक्षराच्या मागे जाऊन बसतो, त्यामुळे ह्या बाबतीत पीडीएफनं सीमाभागात कुणाचीच बाजू घेतलेली नाही.

ह्याच्यावर उपाय नाही असं नाही. पीडीएफमध्ये ॲक्च्युअल टेक्स्ट म्हणून सोय आहे, आकार कसेही काढलेले असोत, त्यांच्याखाली खरा मजकूर योग्य क्रमानं लिहून ठेवता येतो. लिबरऑफिसमधून एक्स्पोर्ट केलेल्या पीडीएफमध्ये हे बऱ्यापैकी होतं. लेटेकवाल्यांसाठी (कमांड लिहून पुस्तकं जुळवणाऱ्यांसाठी) सांगतो, त्यांच्या झीटेकमध्ये त्याची वेगळी कमांड चालू करावी लागते, लुआटेकमध्ये हार्फबझ नावाचा अक्षरं जुळवणारा रेंडरर घेतला की काम होतं. आणि कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये प्रिंट मेनूत जाऊन पीडीएफ प्रिंटर निवडण्यापेक्षा सेव्ह ॲज किंवा एक्स्पोर्ट केलेलं बरं, प्रिंटरकडे गेल्यावर आकार तेवढे उरतात आणि बाकीची माहिती वाटेत गळते.

आता खरं दुखणं सांगतो. आमच्या धंद्यात अजून निम्मं काम श्रीलिपी आणि कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये चालतं. पेजमेकर ह्या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती 2001 ची, त्याला युनिकोड कळतच नाही, तरी बऱ्याच दुकानांत तो जिवंत आहे कारण हात बसलेला आहे, जुन्या फायली त्यातच आहेत आणि घाईच्या टायमाला नवीन शिकत बसायला कोण रिकामा आहे. ह्या फाँटात खरं तर मराठी नसतंच, रोमन अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असतात. अशी पीडीएफ दिसायला सुंदर, पण एक ओळ कॉपी केली की टोपीवाली, ठिपकेवाली रोमन अक्षरं बाहेर पडतात. ह्याच्यात किणयेही नाही आणि उचगावही नाही, काहीच सापडत नाही.

आणि वरून प्रेसवाला सांगतो, "फाईल कर्व्ह करून पाठवा." त्याचं म्हणणं चूक नाही, त्याच्या मशीनवर तुमचा फाँट नसला आणि छपाईची प्लेट चुकीची निघाली तर नुकसान कुणाचं? म्हणून आम्ही कोरलड्रॉमध्ये सगळं सिलेक्ट करून कंट्रोल-क्यू मारतो, अक्षराची नुसती रेघ होते. प्लेटला एक नंबर. पण त्याच क्षणाला मजकूर मेला, मग तो युनिकोडमध्ये टाईप केलेला असो की श्रीलिपीत, आणि नंतर कमिटीवाले तीच प्रेसची फाईल ग्रुपवर फॉरवर्ड करतात. मग दुबईला असलेला गावचा पोरगा आजोबांचं नाव सर्च करतो आणि फोन मला येतो, "ओ, आमच्या आज्जाचं नाव घातलंय म्हणालेत, मग सापडंना कशाला झालंय?"

नाव सापडलं नाही तर एवढं काय बिघडलं असं म्हणणारेही भेटतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, थंडीच्या दिवसांत आपल्याकडे गावोगावी संमेलनं होतात, त्यांच्या स्मरणिकांत गावाचा इतिहास, शाळेची माहिती, तालमी, भजनी मंडळं, जुन्या सत्याग्रहींची नावं असतात, आणि ही माहिती दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मिळत नाही. उद्या कुणी सीमाभागावर अभ्यास करायला बसला तर तो पहिल्यांदा सर्चच करणार, पानं उलटत नाही कोण आता. 15 टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळाले पाहिजेत म्हणून आपण इतकी वर्षं भांडतोय, ते बरोबरच आहे, भांडलंच पाहिजे. पण आपल्या हातानं केलेला मराठी कागद मशीनला मराठी म्हणून वाचता येत नाही ह्याला बंगळूरचं सरकार जबाबदार नाही ना.

म्हणून संमेलनाच्या कमिट्यांना माझं म्हणणं असं आहे, की ऑर्डर देतानाच दोन पीडीएफ मागून घ्या. एक प्रेससाठी, कर्व्ह केलेली, ती प्रेसलाच जाऊ दे. दुसरी वाचणाऱ्यांसाठी, युनिकोडमधली, फाँट आत असलेली. शिवाय साधी टेक्स्ट फाईल मागा, ती सगळ्यात महत्त्वाची, कारण पीडीएफमधून मजकूर परत काढणं म्हणजे शिजलेल्या भातातून तांदूळ वेचणं. पैसे थोडे जास्त लागतील, जुन्या फाँटातून युनिकोड करताना कन्व्हर्टर वापरला तरी परत प्रूफ वाचावं लागतं, ते फुकट होत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

पीडीएफ हातात आली की घेण्याआधी ऱ्हस्व वेलांटीचं एक नाव आणि रफाराचं एक नाव सर्च करून बघा. दोन्ही सापडली तर पैसे द्या. अजून एक बारीक गोष्ट, "शेतकऱ्यांचा" हा शब्द दोन पद्धतीनं टाईप होतो, एकात नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) र असतो आणि दुसऱ्यात साधा र घेऊन मध्ये न दिसणारं जॉइनर (जोडणारं चिन्ह) घालतात, कागदावर दोन्ही सेम टू सेम, सर्चमध्ये मात्र एकाला दुसरं सापडेलच असं नाही. दहा जणांनी दहा मोबाईलवरून लेख पाठवले की हा घोळ ठरलेला. सगळे लेख आले की एकदा फाइंड-रिप्लेस मारून एकसारखं करून घ्यायला ऑपरेटरला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

ऐनवेळी पीडीएफमध्येच एखादं नाव दुरुस्त करायला सांगू नका ही एक विनंती. फाईल लहान राहावी म्हणून फाँटातली वापरलेली अक्षरंच आत घेतलेली असतात, तुम्हाला हवा असलेला "ठ" अख्ख्या अंकात कुठं आला नसेल तर तो आत नसतोच, मग दुसऱ्याच फाँटाचा ठ येऊन बसतो आणि अध्यक्षांचं आडनाव ठिगळ लावल्यासारखं दिसतं.

राहता राहिला तुमचा पेपर. संमेलनाच्या काळात तुम्ही पुरवण्या काढता, गावोगावची माहिती देता, आम्ही कात्रणं काढून ठेवतो. पण ई-पेपरवर पानाचा नुसता फोटो येतो, त्यात सर्च चालत नाही. रोजच्या अंकाचं जमत नसेल तर राहू दे, पण ह्या पुरवण्या तरी मजकूर असलेल्या पीडीएफमध्ये द्या, आणि टाकण्याआधी तुमच्या डेस्कवरच्या कुणीतरी त्यात हिंडलगा आणि कर्ले सर्च करून बघावं.

आपला,
एक डीटीपी ऑपरेटर
शहापूर, बेळगाव